ग्रेच्या पुस्तकातली चित्रं काढणारा मुंबईचा डॉक्टर

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात गेलेल्या कुणालाही ‘ग्रे’ म्हणजे काय ते विचारा. शरीररचनेचं ते जाडजूड पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये निघालं आणि आजतागायत त्याच्या चाळीसहून जास्त आवृत्त्या झाल्या. लेखक हेन्री ग्रे. पण पुस्तक गाजलं ते त्यातल्या चित्रांमुळे, आणि ती चित्रं ग्रेने काढलेली नव्हती. ती काढली होती हेन्री व्हॅनडाईक कार्टर नावाच्या एका सत्ताविशीच्या डॉक्टरने. पुस्तक छापून बाजारात आलं तेव्हा तो इंग्लंडात नव्हताच, मुंबईला येऊन पोहोचला होता. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याने नोकरी केली ती मुंबईत आणि साताऱ्यात.

कार्टरबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुधा ग्रेच्या पुस्तकाशी संपतं. माझं मत उलट आहे. ते पुस्तक ही त्याच्या आयुष्यातली उमेदवारी होती. खरं काम इकडे झालं.

कार्टरचा जन्म १८३१ सालचा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल गावातला. वडील हेन्री बार्लो कार्टर चित्रकार होते, समुद्र आणि गलबतं रंगवायचे. धाकटा भाऊही चित्रकार झाला. मधलं नाव तर थेट व्हॅन डाईक या नामांकित चित्रकाराचं. अशा घरातला मुलगा डॉक्टर व्हायला निघाला तेव्हा हात तयारच होता, तयार नव्हता तो खिसा.

पैशाचा संबंध इथे का येतो, ते कळायला त्या काळच्या इंग्लंडातली डॉक्टरांची उतरंड माहीत हवी. सगळ्यात वर फिजिशियन: विद्यापीठात शिकलेले, नाडी बघून औषध सांगणारे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वावरणारे. त्यांच्याखाली सर्जन, म्हणजे हाताने काम करणारे. कधी काळी यांची गणना न्हाव्यांबरोबर व्हायची, आणि एकोणिसाव्या शतकातही ती आठवण पुरती पुसलेली नव्हती. सगळ्यात खाली अपॉथेकरी, म्हणजे औषधं बनवून विकणारे आणि सामान्य माणसांना तपासणारे. कार्टर सोळाव्या वर्षी लंडनला आला तो उमेदवार म्हणून या खालच्या पायरीवर, आणि जोडीने हाईड पार्क कॉर्नरच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकू लागला. सर्जनची आणि अपॉथेकरीची अशा दोन्ही परवानगीच्या परीक्षा तो पास झाला, आणि १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी.ही मिळवली. पण लंडनमध्ये पाय रोवायला लागतात ते पैसे आणि त्या ओळखी त्याच्याकडे नव्हत्या. वरच्या कामाला जिथे जागा होती तिथेही आधी बिनपगारी किंवा अर्धपगारी वर्षं काढावी लागायची.

मधली दोन वर्षं त्याने सर्जनांच्या रॉयल कॉलेजात रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली काढली. ओवेन म्हणजे ‘डायनोसॉर’ हे नाव देणारा प्राणिशास्त्रज्ञ, आणि क्वेकेट हा सूक्ष्मदर्शकाचा उस्ताद. क्वेकेटकडे घालवलेला वेळ पुढे सगळ्यात जास्त कामी आला.

हेन्री ग्रे याच सेंट जॉर्जेसमधला, कार्टरहून थोडा मोठा, हुशार, धडाडीचा आणि खात्यापित्या घरचा. पंचविशीतच तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला होता. प्लीहेवरच्या निबंधाला त्याला मोठं बक्षीस मिळालं. त्या निबंधासाठी कार्टरने चित्रं काढून दिली होती, पण छापील पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. तरीही १८५५ च्या अखेरीस ग्रेने विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचं पुस्तक काढायची कल्पना मांडली, तेव्हा कार्टर तयार झाला.

असं पुस्तक तेव्हाच का लागलं? १८४६-४७ च्या सुमारास ईथर आणि क्लोरोफॉर्म आले. त्याआधी रोगी शुद्धीवर असायचा, चार जण त्याला धरून ठेवायचे, आणि सर्जनचं कौशल्य म्हणजे वेग. पाय कापायला किती मिनिटं लागली यावर नाव व्हायचं. भूल आल्यावर सर्जनच्या हाताला सवड मिळाली. आता आत खोल जाता येत होतं, आणि खोल जायचं तर कुठली धमनी कुठून वळते, मज्जातंतू कशाच्या खालून जातो, हे डोळ्यांसमोर असायला हवं. जंतूंचं मात्र अजून कुणाला कळलेलं नव्हतं. लिस्टर या सर्जनने जखमांवर कार्बोलिक हे जंतुनाशक वापरल्याचं जाहीर केलं ते १८६७ मध्ये. भूल आहे पण निर्जंतुकीकरण नाही, अशा मधल्या काळातलं हे पुस्तक. त्याचं मूळ नावही ‘शरीररचना: वर्णनात्मक आणि शस्त्रक्रियात्मक’ अशा अर्थाचं होतं.

ग्रे आणि कार्टर या दोघांनी मिळून जवळजवळ दीड वर्ष प्रेतं फाडली. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे हे काम मुख्यतः थंडीतच चालायचं. ही प्रेतं यायची कुठून? १८३२ च्या कायद्याने इंग्लंडात अशी सोय केली होती की गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये किंवा रुग्णालयात कुणी मेलं आणि ठराविक वेळात प्रेतावर हक्क सांगायला कुणी आलं नाही, तर ते वैद्यकीय शाळेला देता येईल. त्याआधी कबरी उकरून प्रेतं चोरली जायची. एडिंबरोत तर प्रेतं विकण्यासाठी खून पडले होते. कायद्याने चोरी थांबली, पण ओझं बिनवारशी गरिबांवर आलं. ग्रेच्या पुस्तकात जी सुबक हृदयं आणि हात दिसतात ती अशा नाव नसलेल्या माणसांची आहेत. पुस्तकात लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात, चित्रकाराचं लहान अक्षरात, आणि ज्यांची शरीरं त्यांचं कुठेच नाही.

आता चित्रांकडे येऊ, कारण खरी गंमत छपाईच्या तंत्रात आहे. त्याआधीच्या मोठ्या शरीररचना-ग्रंथांतली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर किंवा दगडावर काढलेली असायची. ती वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून मग पुस्तकात शिवायची. सुंदर, पण महाग. शिवाय मजकूर एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. लाकडावर कोरलेल्या ठशाचं तसं नव्हतं. बॉक्सवूड नावाच्या अतिशय कठीण, बारीक रेशांच्या लाकडाचा आडवा काप घ्यायचा, त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर चित्र काढायचं. कोरणारा कारागीर मग जिथे पांढरं हवं तिथलं लाकूड काढून टाकतो आणि रेघा उंच राहतात. रबरी शिक्क्यासारखंच. हा ठसा शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या, उंचीचा करून त्यांच्याच ओळीत बसवता येतो आणि मजकुरासकट एका दाबात छापता येतो. म्हणजे ज्या धमनीबद्दल वाचतोय ती त्याच पानावर, डोळ्यांपुढे.

शिक्क्यावर सगळं उलटं असतं, तसं इथेही. कार्टरने चित्रं थेट लाकडावर, उलटी काढली: उजवा हात डावीकडे, हृदयाचं टोक दुसऱ्या बाजूला. कोरताना मूळ रेखाटन लाकडाबरोबरच निघून जातं, त्यामुळे त्याच्या हातची मूळ चित्रं फारशी उरली नाहीत. अशी ३६३ चित्रं पहिल्या आवृत्तीत आहेत.

पण नुसतं कसब असतं तर इतर चित्रकारही होते. कार्टरने केलेली खरी सुधारणा साधी आहे. त्याआधीच्या पाठ्यपुस्तकांत अवयवावर बारीक आकडा किंवा अक्षर असायचं आणि खाली यादी: १ म्हणजे अमुक, २ म्हणजे तमुक. विद्यार्थ्याची नजर वर-खाली नाचत राहायची. कार्टरने नावं त्या त्या स्नायूवर, त्या त्या रक्तवाहिनीच्या वळणावरच लिहिली. शिरा जशी वळते तसं तिचं नावही वळतं. तो स्वतः विद्यार्थ्यांना शवविच्छेदन शिकवायचा. पोरं कुठे अडतात ते त्याने रोज पाहिलं होतं. त्याच्या चित्रांत आणखी एक गोष्ट नाही, आणि तिचं नसणं मला आवडतं. नाटकीपणा नाही. जुन्या ग्रंथांतली प्रेतं वेदनेने मान टाकतात, देखाव्यापुढे उभी राहतात. कार्टरची चित्रं कोरडी, स्वच्छ, शिकवण्यापुरती.

मोबदला? ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले. कार्टरला एकदाच, सगळ्या कामाचे मिळून १५० पौंड. मुखपृष्ठाच्या आतलं पान तयार झालं तेव्हा ग्रेने मुद्रितावर खुणा करून कार्टरचं नाव आपल्या नावाहून लहान टाइपात करायला लावलं. शवविच्छेदन दोघांनी मिळून केलं, एवढं मात्र त्या पानावर छापलेलं आहे. पुस्तकाच्या पाठीवर एकच नाव गेलं, आणि लोकांच्या तोंडी पाठीवरचंच नाव बसतं. ग्रेला ते यश फार काळ पाहता आलं नाही. पुतण्याला देवी आलेल्या असताना त्याची शुश्रूषा करताना ग्रेलाही देवी आल्या आणि १८६१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

कार्टर तोवर मुंबईत स्थिरावला होता. १८५८ च्या सुरुवातीला, उत्तर हिंदुस्थानात सत्तावन्नच्या उठावाच्या लढाया अजून चालू असताना, त्याने कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेची परीक्षा दिली आणि बोटीत बसला. पुस्तक ऑगस्टच्या अखेरीस निघालं. कंपनीचं राज्य त्याच वर्षी संपून राणीचं सुरू झालं. म्हणजे नोकरीला लागल्यावर वर्षाच्या आतच त्याचा धनी बदलला.

मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायचं काम मिळालं, आणि शेजारच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात, म्हणजे आपल्या जे.जे.त, असिस्टंट सर्जनची जागा. कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालेलं. भाऊ दाजी लाड हे तिथल्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. कार्टरसारख्या माणसाला ही जागा म्हणजे घबाड होतं. लंडनमध्ये जे रोग पुस्तकात वाचायचे ते इथे ओसरीत बसलेले असत, आणि त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शकातून कुणी नीट पाहिलेलं नव्हतं.

पहिला रोग पायाचा. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाला काटा टोचतो. काटा निघतो, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी तिथे एक गाठ येते, दुखत नाही. मग दुसरी. वर्षा-दोन वर्षांत पाऊल सुजून बेढब होतं, त्याला भोकं पडतात, आणि त्या भोकांतून पू आणि पुवाबरोबर खसखशीएवढे दाणे बाहेर येतात. काहींचे काळे, काहींचे फिकट पिवळसर, क्वचित लालसर. दक्षिणेत मदुराईकडे हे रोगी आधी नोंदले गेले म्हणून इंग्रज डॉक्टर त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. शेवटी हाडं पोखरली जायची आणि पाय कापावा लागायचा.

कापलेले पाय कार्टरने टाकून दिले नाहीत. उभे चिरले, आतली भुयारं कशी पसरली आहेत ते चितारलं, आणि दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काळ्या दाण्यांत त्याला धाग्यांचं जाळं दिसलं: बुरशी. १८६० पासून त्याने हे मुंबईच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात मांडलं आणि रोगाला ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, असं नाव दिलं. १८७४ मध्ये याच विषयावर त्याचं सचित्र पुस्तक आलं.

इथे थांबून सांगायला हवं की कार्टरचं सगळंच बरोबर नव्हतं. त्याने पाठवलेल्या नमुन्यावर इंग्लंडात जी गुलाबी बुरशी उगवली तिला तिथल्या एका नामवंत बुरशीतज्ज्ञाने कार्टरचंच नाव दिलं, पण त्या बुरशीचा रोगाशी काही संबंध नाही असं पुढे ठरलं. ती बाहेरून आलेली होती. कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम या दोघा सरकारी संशोधकांनी तर बुरशीच्या कल्पनेवरच शंका घेतली. मग १८९४ मध्ये व्हिन्सेंट या फ्रेंच संशोधकाने फिकट दाण्यांतून बुरशी नव्हे, एक प्रकारचे जिवाणू वाढवून दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की एकाच चेहऱ्याचे हे दोन वेगळे आजार आहेत: एक बुरशीचा, एक धागेदार जिवाणूंचा. काळे दाणे बुरशीचे, म्हणजे कार्टर तिथे बरोबर. फिकट दाण्यांत दोन्ही असू शकतात. हा फरक कागदावरचा नाही. जिवाणूंचा असेल तर काही महिने प्रतिजैविकं घेऊन पाय वाचतो. बुरशीचा असेल तर बुरशीविरोधी गोळ्या दीर्घकाळ आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही लागते. दाण्यांचा रंग वेगळा नोंदवायची सवय कार्टरने लावली, तिचा उपयोग आजही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं ते थेट २०१६ मध्ये. दुखत नाही म्हणून माणूस उशिरा येतो, आणि येतो तो गरीबच असतो.

दुसरा रोग कुष्ठ. जे.जे.त मरण पावलेल्या कुष्ठरोग्यांची शवविच्छेदनं करताना कार्टरने कातडीवर न थांबता आतले मज्जातंतू मोकळे करून पाहिले. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तो मज्जातंतू कोपरामागे हाडाच्या खाचेतून जातो. कुष्ठात तो जाड, दोरखंडासारखा झालेला सापडला. त्याचा पातळ काप काढून पाहिला तर आतले तंतू दाबले जाऊन नष्ट झालेले. बोटं झडतात ती रोगाने थेट खाल्ल्यामुळे नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि मग जखमा चिघळतात. या समजाच्या मुळाशी हेच मज्जातंतूंचं निरीक्षण आहे. ग्रेच्या पुस्तकासाठी मज्जातंतू मोकळे करत बसलेल्या माणसालाच हे सुचावं, यात नवल नाही.

१८६३ मध्ये त्याची बदली साताऱ्याला झाली, सिव्हिल सर्जन म्हणून, आणि १८७२ पर्यंत तो तिथे होता. तुरुंगाचा कारभारही त्याच्याकडेच. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन म्हणजे दवाखाना, कैद्यांची तब्येत, कोर्टासाठी शवचिकित्सा, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. करिअरच्या हिशोबाने पाहिलं तर प्राध्यापकाने जिल्ह्याला जाणं म्हणजे आडबाजूला पडणं. पण याच वर्षांत त्याने मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरोग्यांचे सरकारी आकडे घेऊन रोग कुठे दाट आणि कुठे विरळ हे मांडायला घेतलं. मुतखड्यांचाही अभ्यास केला: खडे कापून, घासून, त्यांचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. तेही पुस्तक १८७३ मध्ये निघालं. घरचं सुख मात्र फारसं नव्हतं. मुंबईत आल्यावर वर्षभरातच केलेलं लग्न त्याला लाभलं नाही.

कुष्ठरोग होतो कसा, हा त्या काळातला मोठा वाद. लंडनच्या फिजिशियनांच्या कॉलेजने जगभरातून माहिती मागवून १८६७ मध्ये निर्वाळा दिला की हा रोग संसर्गजन्य नाही. वंशात चालतो, किंवा दारिद्र्य आणि निकृष्ट अन्न यातून येतो, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. सुरुवातीला कार्टरचाही कल आनुवंशिकतेकडे होता. रजेवर गेला तेव्हा १८७३ मध्ये तो नॉर्वेतल्या बर्गनला जाऊन आला. युरोपात कुष्ठरोग तेव्हा मुख्यतः नॉर्वेच्या किनाऱ्यावर उरला होता, आणि तिथल्या सरकारने १८५६ पासून प्रत्येक रोग्याची नोंदवही ठेवली होती. तिथला बुजुर्ग तज्ज्ञ डॅनियलसन आनुवंशिकतेवर ठाम. इतका, की संसर्ग होत नाही हे पाहण्यासाठी त्याने रोग्याच्या गाठीतला द्रव स्वतःला टोचून घेतला होता. त्याचाच जावई हॅन्सन मात्र म्हणत होता की हा रोग जंतूचा आहे, आणि त्याच वर्षी त्याला गाठींतल्या पेशींत काड्यांसारखे सूक्ष्म जीव दिसले. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला, आणि कार्टर पाहुणा.

तिथून परत आल्यावर कार्टरने काठियावाडात पाहणी केली आणि तो संसर्गाच्या बाजूला गेला. रोग्यांसाठी नॉर्वेसारखी वेगळी निवासी रुग्णालयं हवीत, असं त्याने सरकारला लिहिलं. सरकारने फार मनावर घेतलं नाही. कारणात तो बरोबर होता, उपायाबद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. कुष्ठ संसर्गजन्य आहे खरं, पण अगदी मंद. बहुतांश लोकांचं शरीर त्या जंतूला दाद देत नाही. हे कळायच्या आधीच ‘वेगळं ठेवा’ हा सल्ला कायद्यात शिरला. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात डांबायची मुभा दिली, आणि जे आधीच वाळीत टाकलेले होते त्यांच्यावर सरकारी शिक्का बसला. कार्टरला हे अभिप्रेत होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे स्वच्छ खाटा आणि डॉक्टर होते. पण रस्ता त्याच दिशेने गेला. गोळ्यांनी पूर्ण बरं होण्याची सोय यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

तिसरं काम मला त्याचं सगळ्यात मोठं वाटतं. १८७६ चा पाऊस दख्खनमध्ये गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूरकडची माणसं पोट बांधून मुंबईच्या वाटेला लागली. १८७७ मध्ये मुंबईत एक ताप पसरला. अचानक हुडहुडी, अंग फुटणं, पाच-सात दिवस कडक ताप, मग एका रात्रीत दरदरून घाम येऊन ताप उतरायचा. रोगी उठून बसायचा. आठवडाभराने ताप उलटायचा, पहिल्यासारखाच. दुबळी माणसं पहिल्या फेरीत जायची, नाहीतर दुसऱ्या.

डॉक्टर याला कुणी टायफस म्हणत, कुणी हिवतापाचा प्रकार. बर्लिनमध्ये ओबरमायरने १८७३ मध्ये अशाच उलटणाऱ्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात वळवळणारे, मळसूत्राच्या आकाराचे सूक्ष्म जीव पाहिल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षी तो कॉलऱ्याने वारला. कार्टरने मुंबईच्या रोग्यांचं रक्त काचेवर घेतलं आणि तेच मळसूत्र त्याला दिसलं. म्हणजे हा ताप हिंदुस्थानात आहे हे नक्की झालं. मग त्याने रोज, काही वेळा दिवसातून अनेकदा, त्याच रोग्यांचं रक्त तपासलं आणि तापाच्या आलेखाशी जुळवलं. ताप चढण्याआधी जीव दिसायला लागतात, ताप असेतो भरपूर, घाम फुटला की गायब, आणि उलटायच्या वेळी पुन्हा हजर.

ते मधल्या आठवड्यात जातात कुठे, हे कोडं सुटायला पुढचं शतक लागलं. आपलं शरीर जंतूच्या बाहेरच्या आवरणाला ओळखून प्रतिद्रव्यं बनवतं आणि बहुतेक जंतू मारले जातात. तो घाम फुटण्याचा दिवस. पण काही थोडे जंतू आवरणाचं प्रथिन बदलून वाचतात. शरीराला ते नवखे वाटतात, तेवढ्यात त्यांची संख्या वाढते, आणि ताप उलटतो.

कार्टरने रोग्याचं रक्त माकडांना टोचून त्यांच्यात हा ताप निर्माण करून दाखवला. साधारण त्याच सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉखनेही स्वतंत्रपणे तेच केलं होतं. रक्तातला हा जीव तापाचा सोबती नसून कारण आहे, याला यामुळे वजन आलं. १८८२ मध्ये या विषयावरचं कार्टरचं पुस्तक निघालं आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला स्टुअर्ट पारितोषिक दिलं. पसरतो कसा, ते मात्र त्याला सापडलं नाही. ते सापडलं १९०७ मध्ये, नाशिकला. तिथल्या मिशनच्या वसतिगृहात साथ आली; मुलांमध्ये खूप रोगी, मुलींमध्ये कमी. मॅकी नावाच्या डॉक्टरने पाहिलं की मुलांच्या कपड्यांत उवा बुजबुजलेल्या आहेत, मुलींच्या कपड्यांत तितक्या नाहीत, आणि त्या उवांच्या पोटात मळसूत्रं आहेत. डोक्यातल्या नव्हेत, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवा. दुष्काळात एकच अंगावरचं वस्त्र, धुवायला पाणी नाही, उघड्या पडव्यांत माणसं एकमेकांना चिकटून झोपलेली. दुष्काळ आणि ताप यांचं नातं इथे उलगडतं. या जंतूच्या हिंदुस्थानी प्रकाराला बरीच वर्षं कार्टरचं नाव होतं, हल्ली तो वेगळा मानत नाहीत.

दरम्यान कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला होता. निवृत्ती जवळ आली तरी सूक्ष्मदर्शक सुटला नाही. लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात रोग्यांच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता, पण बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. कार्टरने मुंबईत ते परजीवी शोधले आणि १८८७ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध केले. आणि याच देशात, याच वैद्यकीय सेवेत असलेला रोनाल्ड रॉस, ज्याने पुढे हिवतापाचं डासांशी नातं दाखवलं, तो नंतर कित्येक वर्षं लाव्हेरान चुकलाच म्हणत होता. १८९४ मध्ये लंडनला गेल्यावर उष्णकटिबंधीय रोगांचा तज्ज्ञ पॅट्रिक मॅन्सन याने दाखवले तेव्हा त्याला पटलं. एका सरकारी अहवालमालेत छापलेलं काम त्याच सरकारच्या डॉक्टरपर्यंत पोहोचू नये, हे सरकारी अहवालांच्या स्वभावाला धरूनच झालं. १८८७ च्याच सुमारास कार्टरने उंदराच्या रक्तात एक आखूड मळसूत्री जंतू पाहून त्याची नोंद केली. उंदीर चावून येणाऱ्या तापाचं तेच एक कारण आहे, हे जपानी संशोधकांनी पुढे दाखवलं.

१८८८ मध्ये तो निवृत्त होऊन स्कारबरोला परतला, वडिलांनी समुद्र रंगवलेल्या गावी. दोन वर्षांनी राणीचा मानद सर्जन हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी, साठीला टेकलेला असताना, त्याने पुन्हा लग्न केलं; दोन मुलं झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयाने तो वारला.

तरुणपणी तो नेमाने डायरी लिहायचा. त्यात कामाच्या नोंदी आहेत, धर्माविषयीच्या शंका आहेत, आणि स्वतःच्या आळसाबद्दल तर पानंच्या पानं तक्रार आहे. हे वाचून त्याच्या कामाची यादी समोर ठेवली की हसू येतं. त्या डायऱ्या लंडनच्या वेलकम संग्रहात जपून ठेवल्या आहेत. हेन्री ग्रेचे खासगी कागद मात्र जवळजवळ काहीच उरलेले नाहीत, त्यामुळे ग्रे माणूस म्हणून कसा होता याविषयी जे काही थोडं कळतं, त्यातलं बरंचसं कार्टरच्या डायरीतून येतं.